बशीरभाईंचं कोपर

बशीरभाई कुणालाही माइकवर ‘हॅलो, हॅलो’ म्हणू द्यायचे नाहीत. कार्यक्रमाआधी आवाज तपासायला समोर नामवंत गवई असो, नगरसेवक असो, की बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन गळ्यात पडलेली एखादी घाबरलेली शिक्षिका असो, त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "आज काय जेवलात?" माणूस आधी गोंधळायचा, मग बोलायला लागायचा. वरणभात, वांग्याची भाजी, भाजीत मीठ जरा पुढे होतं. तेवढ्यात बशीरभाई स्टँडवरचा स्क्रू दोन बोटांनी पिळायचे, माइक बरोबर त्या माणसाच्या ओठांपाशी आणून ठेवायचे आणि मागे सरून म्हणायचे, "हं. आता बोला."

हे जेवणाचं काय खूळ आहे, असं मी एकदा विचारलं. तेव्हा म्हणाले, "बाई, नाव सांगताना माणूस खोटा आवाज लावतो. हॅलो म्हणताना तर लावतोच. जेवणाचं सांगताना मात्र तो विसरतो आणि घरातला आवाज बाहेर येतो. मला माइक त्या आवाजाला लावायचा असतो."

बुधवार पेठेत रेडिओ, वायरी आणि सुटे भाग विकणारी दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत, त्यांच्या मागच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत शिरताना मान वाकवावी लागे. बाहेर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: ‘येथे फक्त यंत्रे दुरुस्त होतात. गळा नाही.’ वडील खडकीच्या कारखान्यात टर्नर होते. त्यांनी निवृत्तीनंतर घेतलेला, धातू कातायचा लहानसा लेथ दुकानाच्या मागच्या भिंतीला लावलेला असे, आणि बशीरभाई त्याला अजूनही ‘अब्बांचं यंत्र’ म्हणत. कितीतरी पिढ्या पुण्यातच गेलेलं घर. त्यामुळे त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध होतं, आणि तोंड माझ्या सासऱ्यांइतकं तिखट. एका उद्घाटनाला प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले आणि आल्या आल्या विचारते झाले, "काय हो, तुमचा माइक चालू आहे ना?" बशीरभाई म्हणाले, "तो सहा वाजल्यापासून चालू आहे. आपलीच वाट पाहत होता."

त्यांची खरी करामत म्हणजे ते कोपर. बोटभर लांबीचा, मधे वाकलेला पितळेचा तुकडा. एका टोकाला आटे, ते स्टँडवर बसायचे. दुसऱ्या टोकाला माइकची पकड. बाजारातल्या स्टँडवरचा माइक फार तर वरखाली व्हायचा, आणि तोही अर्ध्या भाषणात सैल पडून मान टाकायचा. हे कोपर मधे बसवलं की माइक पाहिजे त्या बाजूला, पाहिजे तेवढा कलवता येई आणि एकदा पिळला की ढिम्म हलत नसे. "आपल्या हाताला कोपर आहे म्हणून घास तोंडाशी येतो," ते म्हणायचे. "या स्टँडांना कोपर नसतं. म्हणून माणसाला तोंड घेऊन माइककडे जावं लागतं. जेवण ताटात आणि माणूस चार पायांवर, असं दिसतं ते."

ज्यांच्या कार्यक्रमांना ते नेहमी जात, त्या प्रत्येकासाठी त्यांनी एकेक कोपर स्वतः घडवलं होतं. ती सगळी कोपरं बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात असत. त्यांवर नावं नव्हती, कानशीनं ओढलेली एकेक खूण होती. कुणाची कुठली खूण ते फक्त त्यांना ठाऊक.

एकदा एका शाळेच्या माजी मुख्याध्यापिकांचा सत्कार होता. बाई खूप थकलेल्या होत्या, पाठीला पुरता बाक आलेला. त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा तोंड जमिनीकडे आणि माइक कपाळासमोर. संयोजकांपैकी एकजण पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बाई, जरा मान वर करा ना. आवाज येत नाहीये." कोपऱ्यातून बशीरभाई उठले, सगळ्या सभेसमोरून शांतपणे चालत गेले, डब्यातलं एक कोपर काढून बसवलं आणि माइक खालून वर, बाईंच्या तोंडाकडे वळवला. मग त्या संयोजकाला म्हणाले, "त्यांनी जन्मभर मान वर ठेवली. आता जरा आपण खाली बघू." बाईंनी आज काय जेवलात या प्रश्नाला "पेज" असं उत्तर दिलं, ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं कोपर कसं झालं हे सांगायचं तर कानाबद्दल सांगायला हवं. ते मी आयुष्यभर लपवलं.

आठ वर्षांची असताना मला गालगुंड झालं. ताप उतरला, सूज उतरली आणि माझा उजवा कान कायमचा गेला. आईनं मला जवळ घेऊन सांगितलं, "कुणाला बोलायचं नाही. गाणाऱ्या मुलीचा कान गेलाय म्हटल्यावर लोक गाणं ऐकणार नाहीत, कान बघतील." मी बोलले नाही. गुरुजींनाही नाही, पुढे नवऱ्याला सांगितलं ते लग्नानंतर चार वर्षांनी. पण शरीराला कोण गप्प करणार? गाताना सूर चढला की मी आपोआप डावीकडे, डाव्या बाजूच्या तानपुऱ्याकडे कलायची. सूर पडताळायला माझ्याकडे तेवढा एकच कान होता. गुरुजींना वाटायचं, हा मुद्रादोष आहे. त्यांनी समोर आरसा ठेवून मला गायला लावलं. "मान मोडली आहे का तुझी? सरळ बस." मी सरळ बसायची आणि माझा सूर आंधळ्यासारखा चाचपडायचा.

बशीरभाईंची नि माझी पहिली भेट नारायण पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात झाली. मी चोवीस वर्षांची होते, तानपुरा लावत बसले होते. त्यांनी माझ्या उजव्या बाजूला उभं राहून काहीतरी विचारलं असावं. मला कळलंच नाही. ते वळसा घालून डावीकडे आले आणि म्हणाले, "आज काय जेवलात?" मी म्हटलं, "भाकरी आणि मेथीची भाजी." त्यांनी माइक लावला. मग काही न बोलता स्टेजवरचा लहान स्पीकर उचलून माझ्या डाव्या हाताला ठेवला. दुसऱ्या कार्यक्रमातही तेच. तिसऱ्या कार्यक्रमात मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "स्पीकर नेहमी डावीकडेच का ठेवता?"

इकडेतिकडे कुणी नाही हे त्यांनी आधी पाहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "उजवीकडचं दार वाजवून पाहिलं, बाई. कुणी उघडलं नाही."

मी गार पडले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनाच वाईट वाटलं असावं. "घाबरू नका," ते म्हणाले. "मी माइकवाला. ऐकू येतं ते पुढे पाठवणं माझं काम आहे. पण सगळंच स्पीकरला द्यायचं नसतं."

पुढच्या महिन्यात ते माझं कोपर घेऊन आले. डावीकडे झुकलेली एक बारीक रेघ त्यावर ओढलेली होती. ते बसवल्यावर माइक तिरपा, थोडा डावीकडे राहिला. मी सवयीनं मान ताठ करून बसले. बशीरभाई समोरून म्हणाले, "तुमच्या मानेला जिकडे जायचंय तिकडे जाऊ द्या. माइक आधीच तिथे जाऊन बसलाय." त्या दिवशी मी पहिल्यांदा कार्यक्रमात गायले. त्याआधी मी नुसती परीक्षा देत होते. कलले, पाहिजे तेवढी कलले, आणि माझा एकही सूर हवेत हरवला नाही. पुढची बारा-तेरा वर्षं माझी प्रत्येक बैठक त्या पितळी तुकड्यावर झाली. गणेशोत्सवातली असो, कात्रजच्या बाजूच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरची असो. लोक म्हणायचे, बाईंचा गळा काय मोकळा लागतो. गळा लागत होता तो बशीरभाईंनी मान सोडवली म्हणून, आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं पुढे ढकलत आले.

शहरातल्या एका मोठ्या संगीत महोत्सवात मला पहिल्यांदा बोलावणं आलं. संध्याकाळचं सत्र, मोठा मांडव, बाहेरून आलेली ध्वनिव्यवस्था, काळे चकचकीत स्टँड. आमच्या बशीरभाईंचं तिथे काही काम नव्हतं. तरी ते आले. अंगात इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, आणि खिशात फक्त माझं कोपर. स्टेजच्या पायऱ्यांपाशी त्यांनी कार्यवाहांना विनंती केली, "एवढं बसवतो आणि जातो. दोन मिनिटं."

कार्यवाहांनी तो तुकडा बोटांत धरून फिरवला. "हे काय? एवढ्या मोठ्या स्टेजवर ही नळाची तोटी?" मग माझ्याकडे वळून, आजूबाजूच्या चार-सहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईंना काही अडचण आहे का?"

बशीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. किंवा मी. मी साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिले.

"बाईंना कसली अडचण?" बशीरभाई हसून म्हणाले. "म्हाताऱ्याचं खूळ आहे. जुनी सवय, दुसरं काय."

लोक हसले. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला कदाचित माफ केलं असतं. पण आपलं गुपित झाकण्याच्या घाईत मी त्या हसण्यात सामील झाले आणि म्हणाले, "असू दे हो बशीरभाई. बरं दिसत नाही ते."

त्यांनी कोपर परत खिशात ठेवलं, वरचं बटण लावलं आणि पायऱ्या उतरून गेले.

गायला बसले. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात मान डावीकडे गेली आणि आवाज माइकमधून निसटला. यंत्रापाशी बसलेल्यानं आवाज वाढवला, तशी शिट्टी वाजली. मांडवात चुळबूळ झाली. मग मी तेच केलं जे गुरुजींच्या आरशासमोर करायची. मान ताठ केली आणि पाऊण तास नीट न ऐकू येणाऱ्या तानपुऱ्यावर आठवणीनं गायले. कुणाला कळलं नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात माझ्या ‘डौलदार बैठकी’चं कौतुक होतं.

बाहेर चपलांपाशी बशीरभाई उभे होते. शेवटच्या रांगेत बसून सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला पाहून म्हणाले, "छान झालं. मान अगदी सरळ होती." आणि स्कूटरला किक मारून गेले.

मी पुण्यात वाढलेली बाई. टोमणे ऐकले आणि मारलेही. त्या वाक्यात टोमणा सापडतोय का, हे मी किती वेळा उलटून पाहिलं. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं. तो नव्हता. त्यांना खरंच माझ्या मानेची काळजी वाटली होती.

त्यानंतर मी त्यांना बोलावलं नाही. ते रागावले नव्हते, मलाच त्यांच्यासमोर उभं राहता येईना. पुढे कार्यक्रम मोठे होत गेले, आवाजाची माणसं परस्पर ठरू लागली, सबबी आयत्याच मिळाल्या. माझ्या घरापासून त्यांचं दुकान चालत दहा मिनिटांवर होतं. मी तानपुऱ्याच्या तारा आणायला त्याच पेठेत जायची, आणि तो बोळ आला की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायची. असं करता करता अकरा वर्षं गेली. ताठ मानेनं गाऊन गाऊन माझी मान दुखायला लागली, डॉक्टरांनी पट्टा दिला. दुकान बंद झालं हे मला खूप उशिरा कळलं. मग एक दिवस माझ्या तबलजीनं सांगितलं, "बशीरभाईंना अर्धांगवायू झालाय. फार दिवस नाहीत म्हणे."

मी दुसऱ्याच दिवशी दुपारी भवानी पेठेतल्या त्यांच्या घरी गेले. रिक्षात बसून माफीचं वाक्य पाठ करत होते. शमीमभाभींनी दार उघडलं. बशीरभाईंचा मुलगा, इक्बाल, घरीच होता. "अब्बा झोपलेत. बसा, उठतील आता," तो म्हणाला. भाभी स्वयंपाकघरात चहा करत होत्या, मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. धीर करून विचारलं, "भाभी, तो बिस्किटांचा डबा होता ना त्यांचा? कोपरांचा?"

"गेला तो," भाभी म्हणाल्या. "दुकान बंद केलं तेव्हा सगळं पितळ तांबट आळीत मोडीत घातलं त्यांनी. मी म्हटलं, दोन-चार ठेवा आठवण म्हणून. तर म्हणाले, ज्याचं त्याला बसत नसेल तर ठेवून काय करायचं? मोड देऊन हा खलबत्ता आणला माझ्यासाठी." आणि समोरच्या पितळी खलबत्त्यात त्या चहासाठी आलं कुटत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुमचंही यातच असेल कुठेतरी."

मी तो चहा प्यायले.

आत पलंगावर बशीरभाई उताणे पडले होते. उजवी बाजू पूर्ण गेलेली. केवढासा झाला होता तो माणूस. मला पाहून डोळे हलले. इक्बालनं पलंगाच्या मोकळ्या बाजूला, त्यांच्या डाव्या हाताशी, माझ्यासाठी खुर्ची ठेवली. मी बसले. त्यांचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही.

"अब्बा, मोठ्यानं बोला," इक्बाल म्हणाला.

त्यांनी डावा हात उचलला आणि अंगावरून पलीकडे, भिंतीकडे दाखवला. इक्बालनं खिडकी लावली. हात तसाच. खिडकी उघडली. पाणी पुढे केलं. उशी सारखी केली. ते मान हलवायचे आणि पुन्हा आधी माझ्याकडे, मग भिंतीकडे बोट करायचे. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, कुणाला कळत नाही म्हणून. भाभी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "काय पाहिजे हो तुम्हाला? काय पाहिजे?"

मला कळलं होतं. पहिल्यांदा हात उचलला तेव्हाच कळलं होतं. त्या खुर्चीवर बसल्यावर माझा उजवा कान त्यांच्या तोंडाकडे येत होता. ते मला दुसऱ्या बाजूला बसायला सांगत होते.

पण ते या घरात कुणाला कसं कळणार? इतक्या वर्षांत त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"भाभी," मी म्हटलं, "मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. त्यांना माहीत आहे. ते मला त्या बाजूला बसवतायत."

भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. "कधी बोलले नाहीत," एवढंच म्हणाल्या.

इक्बालनं पलंग भिंतीपासून ओढला. त्या चिंचोळ्या जागेत मी खुर्ची घेऊन शिरले, बसले आणि डावा कान त्यांच्या ओठांजवळ नेला. पट्ट्यामुळे मान कलत नव्हती, म्हणून मी तो काढून बाजूला ठेवला. त्यांचा श्वास कानाला लागला. मग अगदी बारीक, तुटत तुटत आवाज आला.

"काय... जेवलात?"

रिक्षात पाठ केलेलं वाक्य मला आठवलंच नाही. "काही नाही, बशीरभाई," मी म्हटलं. "सकाळपासून काही घशाखाली उतरलं नाही." तो आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. किती वर्षांनी बाहेर आला होता.

चादरीवरची त्यांची दोन बोटं उचलली गेली. हवेतच एक स्क्रू त्यांनी हळूहळू पिळला, घट्ट केला, आणि हात खाली ठेवला.

"हं," ते म्हणाले. "आता... बोला."

त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले. त्या दुपारी मी बोलायला गेले होते, आणि मला पुढे एक शब्द बोलता आला नाही. मी पलंगाच्या कडेवर डोकं टेकून रडत राहिले, आणि बशीरभाई ऐकत राहिले.